चुलीच्या सवयी आणि वुडस्टोव्ह: व्हरमाँटच्या हिवाळ्यात घर उबदार ठेवताना

हिवाळ्याची तयारी आमच्याकडे एप्रिलमध्ये सुरू होते, अंगणातला शेवटचा बर्फ वितळायच्या आत. ट्रक येतो, लाकडांचा ढीग ओतून जातो आणि पुढचे तीन-चार शनिवार-रविवार ती रचण्यात जातात. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या व्हरमाँट राज्यात जानेवारीच्या रात्री पारा उणे २० अंशांखाली जाणं ही काही बातमी नसते. ब्लूमफिल्ड नावाच्या गावात ३० डिसेंबर १९३३ ला उणे ४६ अंश नोंदले गेले होते. इथल्या खेड्यांतली कितीतरी घरं अजून लाकडावर तापतात. आमचंही त्यातलंच.

मी सातारा जिल्ह्यातल्या घरात वाढलो. आजी चुलीवर स्वयंपाक करायची, न्हाणीघरात तांब्याचा बंब होता आणि सकाळी तो पेटवायचं काम माझ्याकडे असायचं. त्यामुळे इथं आल्यावर मला विस्तव कोण काय शिकवणार, अशी घमेंड होती. ती पहिल्याच हिवाळ्यात उतरली. चुलीचं ज्ञान इथं निम्मं उपयोगी पडतं आणि निम्मं चक्क घातक ठरतं. स्टोव्ह म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पंप मारायचा, पिन करायचा रॉकेलचा पितळी स्टोव्ह येतो. इथला वुडस्टोव्ह म्हणजे काचेचं दार असलेली जाड लोखंडी पेटी. त्याचा जवळचा नातेवाईक शोधायचा तर चूल नव्हे, बंब. बंब नीट पेटला की मधल्या नळीतून ‘हूऽऽ’ असा आवाज यायचा, आठवतंय? तापलेली हवा नळीतून वर पळते आणि खालून नवी हवा ओढून घेते. सगळा खेळ त्या ओढीचा आहे.

स्टोव्ह घेण्याआधी

एवढी थंडी म्हणजे मोठ्यात मोठा स्टोव्ह घ्यावा, असं वाटतं. तसं करू नका. मोठा स्टोव्ह पूर्ण पेटवला की तासाभरात खोलीचं भट्टीघर होतं, मग माणूस हवा बंद करतो, विस्तव धुमसायला लागतो आणि धुराड्यात काजळी साठते. मध्यम स्टोव्ह ऐटीत जळत राहिलेला बरा. कडाक्याचे आठ-दहा दिवस तो कमी पडेल, तेव्हा घर तापवणारी गॅसची किंवा तेलाची भट्टी मदतीला असतेच.

जुना, स्वस्तात मिळालेला स्टोव्हही टाळा. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने लाकडी स्टोव्हच्या धुरावर पहिली मर्यादा १९८८ मध्ये घातली. २०२० पासून नव्या स्टोव्हमधून तासाला २ ग्रॅमपेक्षा जास्त धूलिकण बाहेर पडता कामा नयेत (खऱ्या सरपणावर चाचणी केली असेल तर अडीच ग्रॅम). हा नियम फक्त शेजाऱ्यांच्या नाकासाठी नाही. धूर म्हणजे न जळलेलं इंधन. नव्या स्टोव्हमध्ये छताजवळच्या छिद्रांतून तापलेली हवा सोडतात आणि सुमारे ६०० अंशांना तो धूरच पेट घेतो. काचेतून पाहिलं की लाकडाला न चिकटता वर नुसत्या हवेत ज्वाळा लहरताना दिसतात. काही स्टोव्हमध्ये कॅटॅलिस्ट, म्हणजे कमी तापमानालाच धूर जळायला मदत करणारा भाग, असतो, तिथं हेच काम २६० अंशांच्या आसपास होतं. तेवढ्याच लाकडात जास्त ऊब मिळते.

बसवण्याचं काम जाणकाराकडूनच करून घ्या, गावाची परवानगी काढा आणि घराच्या विमा कंपनीला लेखी कळवा. न कळवलेल्या स्टोव्हमुळे आग लागली तर दाव्याच्या वेळी भांडत बसावं लागतं. अंतरं स्टोव्हच्या पुस्तिकेत दिलेली असतात. काहीच लिहिलेलं नसेल तर जळू शकणारी प्रत्येक वस्तू चारी बाजूंनी ३ फूट लांब, आणि दारासमोर निदान दीड फूट दगड किंवा फरशी. धुराडं छतातून जिथं बाहेर पडतं तिथून ३ फूट तरी उंच हवं आणि १० फुटांच्या आत छताचा जो भाग असेल त्यापेक्षा २ फूट वर. धुराडं घराच्या आतून गेलेलं असेल तर नशीबवान समजा. बाहेरच्या भिंतीला चिकटलेलं विटांचं धुराडं थंडगार पडतं आणि ओढ मंदावते.

लाकूड

या लेखातलं एकच वाचायचं असेल तर हे वाचा, कारण माझ्या बहुतेक चुका इथल्याच.

इथं लाकूड कॉर्डच्या मापाने विकतात. ४ फूट रुंद, ४ फूट उंच आणि ८ फूट लांब रचलेला ढीग म्हणजे एक कॉर्ड, १२८ घनफूट. ‘फेस कॉर्ड’ असं कोणी म्हणालं तर कान टवकारा. तो एकाच ओंडक्याच्या रुंदीचा ढीग असतो, साधारण एक तृतीयांश. पूर्ण घर लाकडावरच तापवायचं तर इथल्या हिवाळ्याला ४ ते ६ कॉर्ड लागतात. वाळलेल्या शुगर मेपलच्या एका कॉर्डचं वजन दीड टनाहून जास्त भरतं आणि त्यातली उष्णता, मी हिशोब केला होता, आपल्या घरगुती गॅसच्या पस्तीस-चाळीस सिलिंडरांइतकी होते. ती सगळी खोलीत येत नाही; चांगल्या स्टोव्हमध्ये ७० टक्क्यांच्या आसपास येते, उरलेली धुराड्यातून आकाशात.

कुठलं लाकूड चांगलं? आपल्याकडे बाभळीचा निखारा टिकतो आणि पांगाऱ्याचं लाकूड भुर्रकन जळून जातं. किलोमागे पाहिलं तर दोन्ही वाळलेल्या लाकडांत उष्णता जवळपास सारखीच असते, फरक घनतेचा. इथं बाभळीच्या जागी शुगर मेपल, बीच, ओक, यलो बर्च, ॲश. पाइनमुळे धुराडं काजळीने भरतं, असं लोक छातीठोकपणे सांगतात. पाइन ओलं असेल तर भरतं, आणि ओलं ओकही भरतं. अलास्कातले लोक स्प्रूस आणि बर्चवर हिवाळे काढतात, त्यांना कुठला ओक मिळणार? मी शरद ऋतूतल्या कोवळ्या थंडीत पाइनच जाळतो, मेपल जानेवारीसाठी राखून ठेवतो.

खरा प्रश्न जातीचा नाही, ओलाव्याचा आहे. दहा किलो ताज्या लाकडात चारेक लिटर पाणी असतं. ते आधी उकळून वाफ होऊन जाणार, मग लाकूड जळणार. म्हणजे तुम्ही पैसे देऊन पाणी उकळताय. वर ती थंड, ओली वाफ धुराड्यात डांबर साठवते. सुक्याबरोबर ओलंही जळतं ही म्हण चुलीपुरती खरी आहे. स्टोव्हमध्ये ओल्यापायी सुकंही धुमसतं.

पहिल्या वर्षी मी ऑक्टोबरमध्ये ‘मुरलेलं’ म्हणून दोन कॉर्ड घेतले. विकणारा खोटं बोलत होता असं नाही. ओंडके वर्षभर पडून होते, पण अख्खे. लाकूड फोडल्याशिवाय वाळत नाही, साल पाणी आत धरून ठेवते. स्टोव्हमध्ये टाकल्यावर दोन्ही टोकांना साबणासारखा फेस यायचा, ‘सूंऽऽ’ असा बारीक आवाज तासभर चालायचा आणि काच संध्याकाळपर्यंत काळीकुट्ट. मी आजीसारखा फुंकर घालत बसायचो. चुलीला फुंकणी लागते. स्टोव्हला फुंकावं लागलं तर लाकूड ओलं आहे, एवढंच समजायचं.

ओळखायचं कसं? दोन फाळके एकमेकांवर आपटा: वाळलेलं ‘टण्’ वाजतं, ओलं ‘थप्’. टोकांना मधून बाहेर जाणाऱ्या भेगा दिसतात, साल सुटायला येते, हातात हलकं लागतं. पण या सगळ्या खुणा फसवू शकतात, म्हणून ओलावा मोजायचं छोटं यंत्र घ्या. फाळकं घरात आणून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, कुऱ्हाडीने पुन्हा उभं फोडा आणि नव्या उघड्या पृष्ठभागावर, रेषांच्या दिशेने, दोन्ही सुया टोचा. बाहेरून मोजलं तर आकडा नेहमी गोड दिसतो. २० टक्के किंवा खाली आलं की जाळायला तयार. ॲश आणि मेपलला एक पूर्ण उन्हाळा ते एक वर्ष लागतं, ओकला दोन वर्षं धरून चाला. म्हणून अनुभवी माणसं या एप्रिलचं लाकूड पुढच्याच्या पुढच्या हिवाळ्यासाठी घेतात.

रचताना खाली लाकडी पॅलेट टाका, मातीला लागू देऊ नका. एकेरी रांगा, ऊन आणि वारा लागेल अशा. पत्रा किंवा ताडपत्री फक्त माथ्यावर, बाजू उघड्या. सगळा ढीग ताडपत्रीत गुंडाळून ठेवला तर आत बुरशी धरते, हे मी करून पाहिलं आहे. घराच्या भिंतीला टेकवून रचू नका, उंदीर आणि लाकूडमुंग्या आमंत्रणाची वाटच पाहत असतात. आत आणायचं ते दोन-तीन दिवसांपुरतं.

स्वतः फोडायची हौस असेल तर कडक थंडीत फोडा. गोठलेलं लाकूड एका घावात उडतं. गाठी असलेल्या ओंडक्यात पाचर ठोकून घणाने मारा, कुऱ्हाड अडकवून बसू नका. डोळ्यांवर चष्मा हवाच.

लाकूड जवळपासचंच घ्या. ॲशची झाडं मारणारा हिरवा किडा, एमराल्ड ॲश बोरर, अमेरिकेत २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडला आणि २०१८ मध्ये व्हरमाँटला पोचला. सरपणाच्या गाड्यांतून तो राज्याराज्यांत फिरतो. कीड मरावी म्हणून तापवून न घेतलेलं सरपण दुसऱ्या राज्यातून इथं आणायला बंदीच आहे.

पेटवणं: उलटी चूल

चुलीत आपण खाली काटक्या, पाला, वर लाकूड ठेवतो. स्टोव्हमध्ये नेमकं उलटं करा. तळाला बोटभर राख असू द्या, त्यावर दोन-तीन जाड फाळकी, वर आडवी मध्यम, त्यावर अंगठ्याएवढ्या चिरफळ्यांचा चौकोनी मनोरा आणि अगदी वर कागदाचे दोन-चार बोळे किंवा मेण-भुशाची वडी. हवेची खिट्टी पूर्ण उघडी. वरून काडी लावा. दार बोटभर फटीपुरतं उघडं ठेवून पाचेक मिनिटं तिथंच बसा, खोली सोडून जाऊ नका. आग वरून खाली उतरत जाते, धुराडं आधी तापतं आणि खालच्या लाकडाचा धूर वरच्या ज्वाळांतून जाताना जळून जातो. पहिल्यांदा करताना ‘हे पेटणारच नाही’ असं वाटतं. पेटतं.

दोन-तीन दिवस बंद असलेल्या धुराड्यात थंड हवा खाली बसलेली असते. काडी लावताच धूर खोलीत येतो. आधी स्टोव्हच्या छताजवळ, धुराड्याच्या तोंडाशी, एक पेटता कागद धरा आणि जवळची खिडकी थोडी उघडा. थंड हवेचा बूच सुटल्याचा आवाज येतो, मग पेटवा.

रॉकेल, पेट्रोल, थिनर यांतलं काहीही वापरायचं नाही. रंगवलेलं, प्लायवूड किंवा रसायन मुरवलेलं लाकूड, प्लॅस्टिक, चकचकीत कागदही नाही. जुन्या डेकच्या (घराबाहेरच्या लाकडी ओट्याच्या) फळ्यांत आर्सेनिक असू शकतं. ते धुरातही येतं आणि राखेतही उरतं.

दिवस आणि रात्र

धुराच्या नळीवर, स्टोव्हपासून दीडेक फुटावर, चुंबकाने चिकटणारा तापमापक लावा. एकेरी पत्र्याच्या नळीवर काटा १२० ते २४५ अंशांच्या दरम्यान असावा. खाली राहिला तर डांबर साठतंय, वर गेला तर स्टोव्ह आणि धुराड्याला ताण पडतोय. महिन्याभराने काट्याची गरज उरत नाही, आवाजावरून कळतं. बाहेर जाऊन धुराड्याच्या टोकाकडे पाहणं ही माझी आवडती तपासणी: थंड हवेत थोडी पांढरी वाफ दिसणं ठीक, पण राखाडी धूर लोंबत असेल तर हवा वाढवा.

नवं लाकूड नेहमी निखाऱ्यांवर घालायचं. निखारे दाराकडे ओढा, दोन-तीन फाळकी एकदम ठेवा (एकटं लाकूड नीट जळत नाही, हे चुलीवर शिकलेलं इथंही खरं), हवा पूर्ण उघडा, १५-२० मिनिटं धडधडून पेटू द्या, मग टप्प्याटप्प्याने कमी करा. ज्वाळा कायम दिसल्या पाहिजेत. दार सावकाश, आधी इंचभर उघडून उघडायचं, नाहीतर धुराचा लोट अंगावर येतो.

रात्रीसाठी जाडजूड मेपल किंवा बीच निखाऱ्यांवर दाटीने रचा. पण पेटवून लगेच हवा बंद करून झोपायला जाण्याचा मोह आवरा. ‘रात्रभर टिकावी’ म्हणून धुमसत ठेवलेल्या आगीनेच धुराडी पेटतात. मी झोपण्याच्या तासभर आधी भरतो. पहाटे खोली थोडी गार होते, आणि राखेखालचे निखारे उकरले की काडीशिवाय आग धरते. आजी रात्री निखारे राखेत पुरून ठेवायची, ते हेच.

काच काळी झाली तर घाबरू नका. स्टोव्ह थंड असताना ओल्या कागदाला बारीक राख लावून घासा, पितळेची भांडी घासायचो तशी. दुकानातल्या बाटलीपेक्षा लख्ख निघते. माथ्यावर पाण्याचं भांडं ठेवा. हिवाळ्यात हवा इतकी कोरडी असते की ओठ फुटतात. वरण मंद शिजतं, आणि स्टोव्हपासून हातभर वरच्या फळीवर ठेवलेलं विरजण उणे २० मध्येही सकाळपर्यंत लागतं. दह्यासाठी तरी स्टोव्ह घ्या, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगतो.

फोडणी आणि पाइप: दोन गोष्टी ज्या कोणी सांगत नाही

आमच्याकडे एका फेब्रुवारीच्या संध्याकाळी पिठल्याची फोडणी चालू होती. मिरचीचा ठसका उठला म्हणून गॅसवरचा मोठा पंखा पूर्ण वेगात लावला. दोन मिनिटांत बैठकीत स्टोव्हच्या फटींतून धूर यायला लागला. स्वयंपाकघरातला पंखा घरातली हवा बाहेर फेकतो, खिडक्या-दारं घट्ट बंद, मग ती हवा कुठून तरी आत यायला हवी. सगळ्यात सोपी वाट म्हणजे धुराडं. विझत आलेल्या विस्तवाची ओढ कमी असते, तेव्हा तर हमखास उलटं वाहतं. आणि त्यावेळी निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघत असतो, ज्याला वास नसतो. आता फोडणीच्या वेळी पंख्याबरोबर स्वयंपाकघराची खिडकी चार बोटं उघडतो. कपडे वाळवायच्या यंत्राचंही असंच. धुराची आणि कार्बन मोनॉक्साइडची अलार्म यंत्रं प्रत्येक मजल्यावर, झोपायच्या खोल्यांजवळ, बॅटरीवर चालणारी. १९९८ च्या जानेवारीत बर्फाच्या वादळाने या भागातली वीज कितीतरी दिवस गेली होती. अशा वेळी स्टोव्ह चालतो, भिंतीतल्या विजेवरचं यंत्र चालत नाही.

दुसरी गोष्ट तळघरातली. खोलीचं तापमान बघून भट्टी चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट स्टोव्हच्या खोलीत असतो. ती खोली २४ अंशांवर, म्हणून भट्टी सुरूच होत नाही, आणि तिकडे तळघरात किंवा उत्तरेच्या भिंतीत पाण्याचे पाइप गोठून फुटतात. कडाक्याच्या रात्री भट्टी ठरावीक वेळाने चालेल अशी सोय करा, सिंकखालची दारं उघडी ठेवा, नळ थेंबथेंब सोडा. लांबच्या खोलीत ऊब न्यायची असेल तर स्टोव्हकडून पंखा लावू नका; गार खोलीच्या दारात जमिनीवर छोटा पंखा ठेवून तिथली थंड, जड हवा स्टोव्हकडे ढकला. गरम हवा वरून आपोआप तिकडे जाते.

राख आणि धुराडं

राख थंड दिसते, थंड नसते. आतला निखारा चार दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतो. धातूची बादली, घट्ट झाकण, आणि ती बादली घराबाहेर, लाकडी डेकपासून लांब, दगडावर किंवा मातीवर. कागदी पिशवी नाही, प्लॅस्टिकचा डबा नाही, घरातला व्हॅक्यूम तर अजिबात नाही. पूर्ण विझलेली राख बागेत थोडीथोडी टाकता येते. ती क्षारयुक्त असते, त्यामुळे ब्लूबेरी आणि बटाट्यांपासून दूर.

धुराडं वर्षातून निदान एकदा जाणकाराकडून तपासून घ्यायचं. आतला थर ३ मिलिमीटर झाला की झाडायचंच. आधी भुरभुरीत काजळी असते, ती ब्रशने निघते. मग काळे, चुरमुऱ्यांसारखे कुरकुरीत पापुद्रे. शेवटी चकचकीत, काचेसारखं डांबर, ते ब्रशला दाद देत नाही आणि पेटलं की हजार अंशांपर्यंत जातं. पहिल्या वर्षीच्या त्या ओल्या लाकडानंतर मी जानेवारीतच माणूस बोलावला. त्याने अर्धी बादली पापुद्रे काढून माझ्यासमोर ठेवले आणि पुढच्या वर्षासाठी कधीचं लाकूड आहे, एवढंच विचारलं.

धुराडं पेटलं तर आगगाडी डोक्यावरून गेल्यासारखा आवाज येतो, नळी थरथरते, कधी टोकातून ठिणग्या उडतात. स्टोव्हचं दार आणि हवा बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा, ९११ या इथल्या आपत्कालीन क्रमांकाला फोन करा. वरून पाणी ओतू नका, तापलेली नळी तडकते. आग आपोआप विझली असं वाटलं तरी तपासणी होईपर्यंत पुन्हा पेटवायचं नाही.

झाडायचं काम मी ऑक्टोबरपर्यंत लांबवत नाही, मे महिन्यातच करून घेतो. उन्हाळ्याच्या दमट हवेत काजळीला कुबट वास सुटतो आणि ती नळीचा पत्रा खाते. त्याच वेळी वरच्या टोपीची जाळी शाबूत आहे ना ते बघायचं. ती नसेल तर ‘चिम्नी स्विफ्ट’ (चिम्नी म्हणजे धुराडं) नावाचे छोटे पक्षी आत घरटं करतात, आणि एकदा अंडी घातली की कायद्याने त्यांना पिल्लं उडेपर्यंत हलवता येत नाही.